वार्निशचा एक हात

"फक्त वार्निशचा एक हात मार. रंगाला बोट लावायचं नाही. ऐकलंस ना, भिंग्या?"

भावोजी हे दोनदा म्हणाले होते, आणि घड्याळजीने दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं होतं. म्हणजे पुढे जे झालं ते न ऐकल्यामुळे झालं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं दोन्ही कानांनी ऐकलं होतं.

घड्याळजी दिवसभर दुकानात उजव्या डोळ्याला भिंग लावून बसायचा, म्हणून भावोजींनी, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याने, त्याचं नाव भिंग्या ठेवलं, आणि ते असं चिकटलं की गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणायची. भावोजींना मात्र सगळे सारंग म्हणायचे. ते नाव कमावलेलं होतं. तीस वर्षं त्यांनी फेरीबोट चालवली होती, आणि धक्क्याला बोट कधी घासली नाही हे ते चारचौघांत सांगायचे, दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे.

मेव्हण्या-भावोजींचं एक वेड होतं. लॉन्ड्रीच्या वरच्या लांबट खोलीत दर रविवारी दुपारी तीन वाजता दोन टेबलं जोडून त्यांवर निळसर कापड पसरायचं, की झाला समुद्र. त्यावर बोटाएवढ्या धातूच्या युद्धनौका. मोजपट्टीने त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून तोफा डागायच्या. धुरासाठी कापूस. पन्नाशी ओलांडलेले बापे एकमेकांची आरमारं बुडवून कृतकृत्य होऊन घरी जायचे. शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्तर पंच होते. त्यांना सगळे भूगोलच म्हणायचे.

जहाजं ओतीव, करड्या धातूची मिळायची. रंगवायची ज्याची त्याने. यात घड्याळजीचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन केसांचा ब्रश, डोळ्याला भिंग, श्वास रोखून मारलेली रेघ. घड्याळातल्या बारीक तारेची डोलकाठी करायचा तो. त्याच्या जहाजांवर तांदळाएवढ्या होड्या असायच्या आणि होड्यांना वल्ही असायची. लोक वाकून बघायचे, आणि घड्याळजीला ते आवडायचं. आता खोटं कशाला बोला, फारच आवडायचं.

भावोजी रंगवण्यात यथातथाच. पण खेळण्यात बाप! त्यांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे, प्रत्येक चाल ते पंचाला मोठ्याने सांगायला लावायचे. "समुद्रावर कुजबुज चालत नाही, मास्तर, खणखणीत बोला." आणि दुसरी, चालीआधी आपल्या सहाही जहाजांवरून एकेक करून बोट फिरवायचे. सगळी खोली चेष्टा करायची.

"काय सारंग, झाली का पोरींना आंघोळ घालून?"

"तुमच्या पारोशा राहतात म्हणून बुडतात," भावोजी म्हणायचे आणि पुढची चाल अशी करायचे की चेष्टा करणाऱ्याची बोलती बंद.

गेली दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. "मोतीबिंदू आहे, पिकला की काढतील," असं ते सांगायचे, आणि मोतीबिंदू काय, सगळ्यांनाच होतो, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. पण पेपर वाचणं सुटलं होतं. संध्याकाळचं धक्क्यावर जाणं सुटलं होतं. "रविवार तेवढा उरलाय त्यांचा," ताई एकदा म्हणाली होती. "तोही गेला तर हा माणूस खुर्चीत बसून भिंतीशी बोलेल." हे घड्याळजीला माहीत होतं. तेही लक्षात असू द्या.

तर त्या बुधवारी भावोजींनी खोक्यातून सहा जहाजं आणून दिली. नवीच रंगवलेली, महिनाभर खपून. खाडीपलीकडच्या गावचा क्लब रविवारी सामना खेळायला येणार होता आणि यजमानांचं आरमार भावोजींच्या हाती होतं. भावोजी गेल्यावर घड्याळजीने पहिलं जहाज चिमट्यात धरून भिंगाखाली घेतलं आणि त्याच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

सहाही जहाजं एकाच जातीची, पण रंगवली होती की लिंपली होती? कडेकडेने पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे, भिंतीला चुना फासावा तसे. आणि डेकवर रंगाच्या फुटकुळ्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन-तीन, कुठे वळ उठल्यासारखी रेघ. जहाजाला कांजिण्या आल्यात की काय! दहा पटींनी मोठं करून बघितलं तर दहा पटींनी वाईट दिसलं.

त्याने वार्निशची बाटली उघडली. पुन्हा बंद केली.

मनाशी म्हणाला, बिचाऱ्यांचे हात थरथरायला लागलेत. पाहुणे हसतील त्यांना. आपण नीट करून ठेवू, त्यांना कळणारही नाही, उलट मान राहील. असं म्हणाला खरं. पण मनात चोर होता. पाहुण्यांचा कप्तान एक दंतवैद्य होता आणि त्याच्या जहाजांचं रंगकाम लांबलांबच्या लोकांना ठाऊक होतं. त्या माणसासमोर टेबलावर ही चुनाफाशी जहाजं मांडली जाणार, आणि भूगोल मास्तर हौसेने सांगणार की आमच्याकडे रंगकामात हा घड्याळजी आहे बरं का. नको रे बाबा! लाज भावोजींची नव्हती वाटत. स्वतःची वाटत होती.

मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत त्याने रंग काढायचं द्रावण ओतलं आणि सहाही जहाजं आत सोडली. तासाभरात महिन्याची मेहनत साय धरल्यासारखी वर आली. जुन्या टूथब्रशने त्याने एकेक जहाज घासून लख्ख केलं. दोन फुटकुळ्या निघेनात, फारच घट्ट बसवल्या होत्या. त्या त्याने कानशीने घासून काढल्या.

मग तीन दिवस दुकानात घड्याळं पडून राहिली आणि घड्याळजीने आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम केलं. समुद्राच्या करड्या-निळ्या छटा एकीत एक विरघळवल्या, खऱ्या युद्धनौकांना देतात तशा, शत्रूच्या नजरेला पाण्यात जहाज लागूच नये अशा. शनिवारी भावोजींचा निरोप आला, जहाजं कधी देतोस? त्याने उलट निरोप धाडला की वार्निश ओलं आहे, परस्पर खोलीवरच आणतो. वार्निश सुकून दगड झालं होतं.

रविवारी खोली भरली होती. घड्याळजीने खोकं उघडून जहाजं मांडायला घेतली तसे पाहुणे टेबलावर ओणवे झाले. दंतवैद्याने खिशातून स्वतःचं भिंग काढलं, म्हणजे बघा!

खेळायच्या आधी एक रिवाज होता. सहा जहाजांतलं सेनापतीचं जहाज कोणतं, ते प्रत्येक बाजूने गुपचूप ठरवायचं आणि त्याचा आकडा लिफाफ्यात घालून पंचाकडे द्यायचा. ते जहाज बुडालं की सामना संपला. आकडे जहाजांच्या बुडाला बारीक अक्षरात कोरलेले, आणि खेळ सुरू झाला की जहाज उचलायचं नाही. भावोजींनी घरूनच लिफाफा आणला होता. ते टेबलाशी आले, हसत हसत हात पुढे केला आणि पहिल्या जहाजावरून बोट फिरवलं.

बोट थांबलं.

पुन्हा फिरवलं. दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून, सहाव्यापर्यंत. मग परत पहिल्यावर.

"सारंग, पाहुणे आलेत म्हणून आज साबण लावून का?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि घड्याळजी उभा होता त्या दिशेला बघितलं, पण त्याच्याकडे नाही. त्याच्या शेजारच्या खिडकीकडे. तेव्हा कुठे घड्याळजीला काहीतरी खटकलं. काय ते त्याला कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"सुरू करा," भावोजी म्हणाले.

तीन चाली कशाबशा गेल्या. मग रांग फुटली, जहाजं इकडेतिकडे झाली आणि भावोजींचा हात कापडावर चाचपडायला लागला. पाहुण्यांचं एक जहाज त्यांच्या मनगटाने आडवं झालं. "माफ करा हं," म्हणाले. कपाळावर घाम. पाचव्या चालीला त्यांनी एका जहाजावर बोट ठेवलं. "ही तोफा डागते, त्या पुढच्यावर."

मग दंतवैद्य, माणूस वाईट नव्हता, हसूनच म्हणाला, "काका, ते तुमचंच आहे हो!"

आणि हशा पिकला. बोललेली तोफ परत घेता येत नाही, हा नियम. भूगोल मास्तरांनी नाइलाजाने फासे टाकले. दोन्ही सहा, म्हणजे जहाज बुडालंच. त्यांनी बुडालेलं जहाज उलटं करून आकडा वाचला, लिफाफा फोडला आणि चष्मा पुसायला काढला. लिफाफ्यात चार होता. जहाजाखालीही चार. सारंगांनी आपलं सेनापतीचं जहाज आपल्याच तोफेने बुडवलं होतं.

"बरं झालं, दुसऱ्या कोणाच्या हातून नको," भावोजी म्हणाले. लोक पुन्हा हसले, पण आता एकमेकांकडे बघत.

दंतवैद्याने ते जहाज उचलून भिंगाखाली धरलं. "पण रंगकाम काय आहे हो! कोणाचं?"

भावोजींनी हात पुढे केला. दंतवैद्याने जहाज त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्याने डेक एकदा हळू पुसला.

"माझ्या मेव्हण्याचं," ते म्हणाले. "नजर आहे त्याला."

जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी मोजत ते खाली गेले. घड्याळजी त्यांना सोडायला गेला नाही. लोक त्याच्याभोवती जमले होते. जाता जाता भूगोल मास्तर त्याच्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वेळेपासून सारंगांची बाजू तू सांभाळ. त्यांना आता जमेल असं वाटत नाही." आणि आपला हा पठ्ठ्या काय म्हणाला? "बघू" म्हणाला.

पुढचे दोन रविवार भावोजी आले नाहीत. सर्दी झाल्याचा निरोप आला. घड्याळजी त्यांच्या घराकडे फिरकला नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की दचकायचा. एका बाईंच्या घड्याळाचे काटे त्याने उलटे बसवले. पंधरा दिवस हे असं चाललं आणि एका दुपारी ताईच दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"मोतीबिंदू नाहीये रे तो," ती एकदम म्हणाली. "काचबिंदू आहे. परत येत नाही त्यातलं काही. नळीतून बघावं तेवढंच दिसतं त्यांना, तेही धूसर. मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. दया दाखवतील म्हणाले, आणि दया दाखवत कोणी माझ्याशी खेळायला नको."

घड्याळजीने भिंग डोळ्यावरून काढलं.

"महिनाभर बसले होते त्या जहाजांपाशी. पांढऱ्या कडा केल्या, म्हणजे कापडावर दिसतील. काडीने रंगाचे थेंब चढवले, सुकले की परत वर चढवले, म्हणजे बोटाला लागतील. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. चौथीवर उभी रेघ, पाचवीवर आडवी. जुन्यांवरच्या खुणा झिजल्या होत्या ना, म्हणून नवीन केली." ताईने पदराने नाक पुसलं. "आणि बघ ना नशीब. वार्निशने रंग विरघळला म्हणे. ते म्हणतात, भिंग्याचा दोष नाही, वार्निशच खराब निघालं असेल, त्याला बोलू नकोस हं."

झालं! आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. पांघरूण आयतं मिळालं होतं, आणि ज्याचं लुटलं त्यानेच घातलं होतं.

"वार्निशने नाही, ताई," तो म्हणाला. "मी काढला. घासून. मला नको म्हणाले होते तरी."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "का?"

"वाईट दिसत होती."

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी तिने त्याला याहून लहान गोष्टींसाठी धपाटे घातले होते. ती उठली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "त्यांना सांग. मी नाही सांगणार."

"सहावीवर काय होतं?" त्याने विचारलं.

"ती केली तेव्हा मी बाजारात गेले होते. त्यांनाच विचार."

त्याने क्लबमधून जहाजं आणली. सगळ्यांत सुंदर कामावर, ज्याच्यासाठी दंतवैद्याने भिंग काढलं होतं त्या कामावर, काडीने रंगाचे थेंब चढवायला बसला. कडांना पांढरा फासला. डोळे मिटून बोट फिरवलं, तर एक आणि दोन यांतला फरक कळेना. अजून चढवले. भावोजींना महिना का लागला ते त्याला दोन दिवसांत समजलं. पाच जहाजं झाली. सहावीच्या नुसत्या कडा रंगवल्या, आणि तिचा डेक समोर धरून तो आठवत बसला. भिंगाखाली धरली होती की तिला! दहा पटींनी मोठी करून बघितली होती! फक्त वाईट आहे एवढंच आठवत होतं.

भावोजी खुर्चीत बसले होते. पाऊल वाजताच म्हणाले, "ये भिंग्या. मला वाटलं बोटीने येतोयस, इतके दिवस लागले."

त्याने सगळं सांगितलं. पाहुण्यांची लाज वाटली तेही, "बघू" म्हणाला तेही. भावोजींनी हात पुढे केला. एकेक जहाज चाचपून ते म्हणत गेले, "पहिली. दुसरी. तिसरीचा एक थेंब बारीक झालाय. चौथी. पाचवी." आणि सहावीवर बोट फिरवून थांबले.

"हिच्यावर काय होतं, भावोजी?" घड्याळजीने विचारलं. "ताईला माहीत नाही. तुम्ही सांगा, तसं करतो."

"मला काय विचारतोस? तू भिंगातून बघितली होतीस ना?"

घड्याळजीला रडू येत होतं आणि या वयात मेव्हण्याने भावोजींपुढे रडायचं कसं, म्हणून नुसतं नाक ओढत होता.

"राहू दे ती तशीच," भावोजी म्हणाले. "पाचांवर खुणा आणि एक गुळगुळीत, म्हणजे तीही खूणच झाली. बोट लागलं की कळेल मला, ही भिंग्याची." मग म्हणाले, "आता सगळ्यांना कळलंच आहे, तर लपवायचं काय? येईन मी रविवारी. पण माझी चूक कशामुळे झाली ते त्यांना तू सांगायचं. मी नाही."

घड्याळजीने सांगितलं. निळसर कापडासमोर उभं राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोणी त्याला काही बोललं नाही. भूगोल मास्तरांनी खुर्ची ओढून सारंगांना बसवलं, दुसऱ्या कोणी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. पेला त्यांच्या समोरच होता, तो त्यांना दिसतही होता. भावोजी "थँक्यू" म्हणाले. त्या खोलीत याआधी कोणी कोणाला थँक्यू म्हटलेलं घड्याळजीला आठवत नव्हतं.

खेळ सुरू झाला. चाल भावोजींची. त्यांनी पहिल्या जहाजावर बोट ठेवलं आणि खोलीभर शांतता पसरली. कोणी खोकलंसुद्धा नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. दहा-बारा माणसं मान झुकवून, हात बांधून उभी होती आणि सारंगांचं बोट फिरायची वाट बघत होती. कोणी चेष्टा करत नव्हतं. यापुढे कोणी करणारही नाही, हे घड्याळजीला तेव्हा लख्ख दिसलं. फुटकुळ्या पुन्हा चढवता आल्या. ती चेष्टा कशाने चढवायची?

त्याला ते सहन होईना. आवाज फाटला, पण तो बोललाच. "काय भावोजी, झाली का पोरींना आंघोळ घालून?"

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे असं बघितलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. भावोजींचं बोट सहाव्या जहाजापाशी पोचलं होतं. गुळगुळीत डेकवरून ते सावकाश फिरलं.

"पाचांना घातली," भावोजी म्हणाले. "हिला नको. हिला तू आधीच घासून काढलीयस."

आणि ते हसले. मग हळूहळू, चोरून, बाकीचेही हसले. घड्याळजीही हसला आणि खाली वाकून मोजपट्टी शोधायला लागला. टेबलाखाली बघितली, खुर्चीवर बघितली. ती त्याच्या हातातच होती.